माझा मसाला उडला नाय

हात बघा माझे आधी, मग लिवा काय लिवायचं ते. नखांच्या कडंला बघा, तो रंग जात नाय, साबनानं जात नाय, लिंबानं जात नाय, माझ्या लग्नाच्या हळदीत पन गेला नवता. सासूनं तवा इचारलं होतं, पोरीला काय लागलंय गो हाताला, तर माझी आय बोलली, लागलं नाय, ती मिरचीच हाय, तशीच नांदवून घ्या. माझं माहेर ओवे गावाकडचं, आमी आगरी लोक, आमचं भात होतं थोडं, नि आय दुसऱ्यांच्या घरी मसाला कुटायला जायची. येकच उखळ नि दोन बायका समोरासमोर, येकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली, मी आठ-नऊ वर्सांची, मी चाळायला बसायची. सगळ्या पोरी लगोरी खेळायच्या नि मी नाकाला फडकं बांधून चाळन हलवायची. म्हनून सांगते, मिरची मना कोनी शिकवायची नाय. सरकारनं नाय, दुकानदारानं नाय नि त्या चौकीवरच्या हवालदारानं तर नायच नाय.

लगीन होऊन आले ती इकडं, पळस्पे फाट्यावरून आत. जमिनी गेल्या, शहर वसवायचं बोलले, आमची गेली, शेजारची गेली, मग माझ्या नवऱ्यानं, नलूच्या बापसानं, छपरात डंक बसवला. तुमी डंक बघितला नसंल तर हा बघा, चार लोखंडी उखळं नि वर चार लोखंडी मुसळं, मोटारीवर खाली-वर होतात, बोलायचं झालं तर वरडून बोलावं लागतं, म्हनून माझा आवाज असा, मी भांडत नाय तुमच्याशी. होळी झाली की गावातली, बाजूच्या पाड्यांतली सगळी घरं आपापल्या मिरच्या वाळवून, घरी तेलावर भाजून, गोनीत भरून माझ्याकडं आनतात नि नंबर लावतात. पावसाच्या आत वर्साचा मसाला घरात पायजे. बेडगी रंगाला, लवंगी तिखटाला, कुनाच्या घरी दगडफूल जास्त, कुनाकडं त्रिफळं, पन्नास घरांचे पन्नास मसाले नि डोळे बांधून मी सांगते कोनाचा कंचा. नि येक सांगायचं राहिलं, ते पुढं लागंल तुमाना. कुनाच्या डोळ्यात मिरची गेली की डाक्टरकडं नाय जात, माझ्याकडं आनतात. पोर असो, म्हातारी असो, वैरी असो, डंकवालीनं डोळा धुवून द्यायचा, त्याला नाय बोलायचं नाय. ही माझ्या सासूपासूनची रीत.

मना येकच पोरगी, नलू. नलिनी नाव शाळेत. तिच्यापाठी दोन गेले, ते जाऊ दे. नलूला मी चाळन धरू दिली नाय. बापूस बोलायचा हाताखाली घे, मी बोलायची नाय, माझ्या पोरीचे हात पांढरे राहतील. बारावी झाली, मग रक्त तपासायचा कोर्स केला, नि नवीन पनवेलात येका दवाखान्यात तिला नोकरी लागली. पांढरा कोट घालते, सुई टोचते, काचंखाली रक्त बघते. गावातली पहिली पोरगी ती, कोट घालनारी. मी येकदा बघायला गेले होते, ती बोलली आये, हात दाखव, नि माझंच रक्त काढलं, मना रडू आलं तर तिला वाटलं सुई दुखली.

दवाखाना सहाला सुटतो, टमटम फाट्यावर सोडते पावने सातला, मग आत वीस मिंटं चालत. आधी धाबे, टायरवाले, उभे ट्रक, मग नाल्यावरची मोरी लागते, मोरीपासून गावापर्यंत दोन्हीकडं नुसतं मोकळं, दिव्याचा खांब हाय, दिवा नाय. खांब आला त्याला सहा वर्सं झाली, दिवा यायचा हाय अजून. तर त्या वर्सी दिवाळीनंतर येक फटफटी तिच्या मागं लागली. दोघं जन, तोंडाला रुमाल बांधलेले. आधी नुसता हॉर्न, मग बाजूनं हळूहळू चालवायची, मग गानी, मग येक दिवस ओढनी खेचली. पोरीनं मना आठ दिवस सांगितलं नाय. का नाय सांगितलं? तर तिला ठाऊक होतं सांगितल्यावर काय होनार. नि तेच झालं. बापसाला कळलं नि तो बोलला, बस झाली नोकरी. रागानं नाय बोलला, तो रागावतच नाय, खाली मान घालून जेवता जेवता बोलला, उद्यापासून नको जाऊस, वैशाखात लगीन करून टाकू. नि चुलते, मामे, सगळे बोलायला लागले, बरोबर हाय, पोरीच्या जातीला कशाला ती सुई नि तो कोट.

मना काय राग आला, काय सांगू तुमाना. फटफटीवर बसून दुसऱ्याच्या पोरीची ओढनी खेचनारा मोकळा, त्याला कोनी बोलत नाय घरात बस म्हनून, नि जिची ओढनी गेली तिनं घरात बसायचं, वर लगीन करायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. मी ताट सरकवलं. मी बोलले, नोकरी सुटनार नाय. बापूस बोलला, मग तू जानार काय रोज तिला आनायला? मी बोलले जाईन, नि गेले पन पंधरा दिवस, पन होळीनंतर संध्याकाळी डंकावर बायकांची रांग, मोटार चालू, सोडून जाऊ कशी? त्यानं महिन्याची मुदत दिली. महिन्यात परत काय झालं तर कोट खुंटीला. नलू कोट धुवत बसली.

तर मी इचार केला, मिरची आपल्याच घरात हाय, बाहेर कशाला बघायचं? नि इथं मी चुकले. माझ्यासारखी चूक कोन करनार नाय, कारन दुसऱ्या कोनाला येवढा गर्व नाय आपल्या मसाल्याचा. मी काय केलं, आमच्या घरचा वर्साचा मसाला, लवंगी जास्त घातलेला, बरनीतला चांगला, त्याची पुडी बांधून पोरीच्या पर्समध्ये दिली. बोलले, तोंडावर मार नि पळ. अहो, तेलावर भाजलेला मसाला तो! खोबऱ्याच्या वाटीसारखा घट्ट बसतो, म्हनून तर वर्सभर टिकतो, म्हनून तर बायका नाव काढतात. तो उडनार कसा? बाजारातली भुसा घातलेली मिरची पूड दिली असती तर ती तरी उडाली असती. पन नाय, या गुनाबायच्या पोरीनं भुशाची मिरची मारायची? इज्जत जाईल ना माझी!

नि लागलीच त्या आठवड्यात ते आले. मोरीजवळ फटफटी आडवी घातली, मागचा उतरला. पोरीनं पर्समध्ये हात घातला, डब्याच्या खाली पुडी, ती काढली, फाडली, नि मारली. तो गोळा निघाला सबंध, नि पडला तिच्याच चपलांवर. ते दोघं हसले. काय हसले! येक बोलला, अगो, कालवनाला देतीस काय, मग मच्छी पन दे. नि तो मागचा खाली वाकला, बोट लावलं, वास घेतला, नि बोलला, अरे हा तर आपल्या डंकावरचा. मग समोरून टेम्पोचा उजेड आला म्हनून पळाले. पोरगी घरी आली, चपला लाल, मी इचारलं काय झालं, तर तिनं सगळं सांगितलं, शेवटी तो शब्द पन सांगितला. आये, तो बोलला आपल्या डंकावरचा.

तुमाना कळलं का, तो आपल्या डंकावरचा बोलला. ट्रकवाला नाय तो, परगावचा नाय. माझ्या हातचा मसाला रोज जेवनात खानारा तो, त्याच्या आयसनं माझ्याकडं नंबर लावलेला, मी चाखून सांगितलेलं की वयनी, मीठ थोडं कमी टाका. त्याला मी वाढवलाय की वो! पोरीची ओढनी गेली त्याचा राग होताच, पन माझ्या मसाल्याला हसून माझ्याच पोरीवर हात टाकनारा माझ्याच गिऱ्हाइकातला, हे मना गिळवेना. नलूच्या बापसाला मी त्या रात्री यातलं काय सांगितलं नाय. मुदत संपली असती.

दुसऱ्या दिवशी डंक बंद ठेवून पोरीला घेऊन चौकीवर गेले. हवालदार चांगला मानूस दिसत होता, चहा पन बोलला. मग इचारतो, गाडीचा नंबर घेतला का? अंधारात? बरं, ओढणी कुठल्या रंगाची होती, अंगावर होती की गळ्यात? नि मुलगी एवढ्या उशिरा येते कशाला? मी बोलले साहेब, पावने सात वाजता, तुमची ड्यूटी पन सुरू असते तवा. तो हसला. बोलला, मावशी, मी काय सांगतो ते ऐका, आता बाजारात लेडीजसाठी मिरचीचा स्प्रे मिळतो, बाटली असते छोटी, ती घेऊन द्या पोरीला, टेन्शन खल्लास. मी बोलले, म्हंजे काम तुमचं, नि ते मी बाजारातून इकत आनू? उद्या गावात आग लागली तर बोलाल, मावशी, बंब इकत घ्या. नलू माझा हात दाबत होती, आये चल, आये चल. आले मी. पन रस्त्यात येताना तेच डोक्यात. बोलला अंग झटकायला, पन गोष्ट काय खोटी नवती.

आधी मी घरी करून बघितलं. नुसती लवंगी, कोरडी, तेलाचं बोट न लावता बारीक कुटली, वस्त्रगाळ केली, नि छपराच्या मागं जाऊन मूठभर मारली. मोकळं रान, समोरून वारा. सगळी माझ्याच डोळ्यात. पन्नाशीला आलेली डंकवाली, स्वतःचे डोळे धुत बसली हौदावर. तवा डोक्यात बसलं, की मिरची तिखट पायजे ते खरं, पन वारा कुठून हाय ते आधी. वाऱ्याविरुद्ध मारलीस तर तुझी तुनाच लागंल.

मग गेले पनवेलला, एस.टी. स्टँडाजवळ येक दुकान, बांगड्या, सेंट, पाकिटं, घड्याळं. दुकानदार गुळगुळीत बोलनारा. बोलला, या मावशी, कोणासाठी, मुलीसाठी? मस्त पीस आहेत, सगळे इंपोर्टेड. नि तीन बाटल्या काचंवर ठेवल्या. येक लिपस्टिकसारखी, गुलाबी. येक किल्ल्या लावायची, छल्ल्याची. येक काळी, हातभर नाय पन मुठीयेवढी, तिच्यावर बाईचं चित्र, गोरी बाई, केस उडतायत, नि ती हसतेय. मी बोलले, ही हसतेय कशाला? तिला कोनी धरलंय नि ती हसते? तो बोलला, मावशी, ती जाहिरात आहे. गुलाबीवाली घ्या, कॉलेजच्या मुली हीच घेतात, कलर छान आहे. मी बोलले, कलर मना बघायचा नाय, आत मिरची कंची हाय? तर त्याला ठाऊक नाय. किती लांब जाते? दहा फूट, पंधरा फूट, असं कायतरी. धूर निघतो की धार? तो बोलला, काय फरक पडतो, मावशी, मिरची ती मिरची. मिरची ती मिरची! मना बोलला तो हे!

मग मी बोलले, दाखव मारून. तो बोलला, असं उघडता येत नाही, कोण घेणार मग? मी बोलले, पेढा पन आमी माशी बसलीय का बघून घेतो, आनि पोरीच्या अब्रूची वस्तू डोळे मिटून घेऊ? यातली येक मी घेनार हाय, बाकीच्या तू ठेव, पन बघितल्याशिवाय नाय. दोन गिऱ्हाइकं थांबली ऐकायला, तो जरा दबला, नि मी ती गुलाबी उचलली, टोपन काढलं, माझ्या बोटावर दाबली नि बोट जिभंला लावलं. तो वरडला, मावशी, मराल! काय मरतेय. सेंट होतं, वर थोडं मिरीचं पानी. असल्यानं पोर शिंकेल फक्त, नि शिंकून झाल्यावर आनखी चिडंल. तुमी कॉलेजच्या पोरींना हे इकता? लाज नाय? मग ती छल्ल्याची घेतली, त्याला बोलले पंखा चालू कर. तो बोलला कशाला? मी बोलले, आमच्या मोरीवर पंखा बंद नसतो. चालू केला. नि मी दाबली. धूर निघाला तिचा, धुक्यासारखा, पंख्यानं आला फिरून आमच्याच अंगावर. दुकानदार खोकतोय, ती दोन गिऱ्हाइकं खोकतायत, बाजूच्या चपलेच्या दुकानातला मानूस बाहेर पळाला. मी खोकले नाय. तिखट होती, खोटं नाय बोलनार, पन धूर काय कामाचा?

राहिली काळी. तिची धार निघाली, सरळ, पिचकारीसारखी, समोरच्या भिंतीवर रेघ वढली नारिंगी रंगाची, पंख्यानं हालली नाय. येक थेंब जिभंवर घेतला नि मना बरं वाटलं, खरंच सांगते, डोळ्यात पानी आलं नि बरं वाटलं. हिच्यात मिरची होती. मी बोलले, ही दे, पन ही फोडली, हिच्यासारखी दुसरी कोरी दे. नि तारीख दाखव. तो बिचारा डोळे पुसत तारीख शोधत होता. निघताना बोलला, मावशी, तुम्ही कुठं काम करता? मी बोलले, डंकावर. तो बोलला, आधी सांगायचं ना.

बाटली आनली, पन ठेवायची कुठं? पुडी डब्याखाली गेली होती तशी ही पन जानार. पोरीच्या ड्रेसला खिसाच नाय हो! मरदाच्या शर्टाला खिसा, पँटीला चार खिसे, बिडी ठेवायला, कंगवा ठेवायला, नि बाईच्या कपड्याला येक नाय, तिच्याकडं काय नसतंच जनू. मी मसाला गाळायच्या जाड वस्त्राचे खिसे शिवले, चारी ड्रेसांना, उजव्या बाजूला, हात सोडला की सरळ बाटलीवर. मग आठ दिवस रोज सकाळी छपरामागं तिला उभी केली. बाटली बंदच, नुसतं काढायचं, अंगठा ठेवायचा, डोळ्यांच्या रेषंत धरायची. नि आधी काय? आधी वारा. ओढनीचं टोक बघ, कुठं उडतंय. वारा पाठीशी घे, मग वळ. नलू हसायची, बोलायची आये, तू मना लढाईला धाडतेस काय? मी बोलायची, मी नाय धाडत, मी तुना कामावर धाडते, लढाई त्यांनी आनलीय.

नि ते दिवस माझे कसे गेले, ते मनाच ठाऊक. चैत्र लागलेला, रांग दारापर्यंत. येकेक गोनी उखळात वतायची नि मनात, हे घर का? ही हसून बोलते तिचा पोरगा का? मसाला चाखून द्यायची ती चव लागंना मना. पन्नास घरांच्या पन्नास पोरांवर मी संशय घेतला, त्यातले येकोनपन्नास चांगले, त्यांची मी माफी मागते आता. पन त्या येकानं मना तसं केलं.

मग तो दिवस. दिवे लागायच्या वक्ताला नलू आली, दम लागलेला, केस सुटलेले, नि दारातच बोलली, आये, मारली. मोरीवर आडवी घातली फटफटी, मागचा उतरला नि तिचा हात धरला, डावा हात. तिनं ओढनी बघितली, वारा समोरून, मग हात सोडवायचा सोडून उलट त्याच्यासकट गोल फिरली, वारा पाठीशी आला, नि रुमालाच्या वर, डोळ्यांवर धार सोडली. तो खाली बसला. गाडीवाला त्याला टाकून पळाला, बघा दोस्ती. नलू पळाली नाय, चालत आली, बोलली मना पळायचं नवतं. तेवढ्यात बापूस आत आला. त्यानं तिचं मनगट बघितलं, बोटं उमटलेली, नि बाहेर जाऊन बसला. मना वाटलं, संपली मुदत. कोट गेला खुंटीला.

नि सकाळी, डंकावर आठ-दहा बायका, मोटार चालू, तर यमुनावयनी आली. मोठं घर गावातलं, तीन मजली, गनपतीला पाच हजार मोदक... नाय, पाच हजार नसतील, पन करतात पुष्कळ. तिच्या मागं तिचा नरेस, डोळ्यांवर ओला टॉवेल. बोलली, गुनाबाय, बघ गो जरा, रात्रीपासून तडफडतोय, मसाला भाजत होते मी, हा वाकला नि उडाला डोळ्यात. मी मोटार बंद केली. त्याला हौदावर बसवला, टॉवेल काढला. नि बघितलं.

मसाला डोळ्यात गेलेली शेकडो मानसं मी धुतलीत. तो दानं दानं लागतो, पापनीला, नाकाला, ओठाला, सगळीकडं. नरेसच्या तोंडावर रेघ होती. कानापासून सरळ, दोन्ही डोळ्यांवरून, सुजलेली लाल रेघ, नि कॉलरीवर नारिंगी डाग, त्या दुकानाच्या भिंतीवर होता तसाच. नि वयनी, मी मनात बोलले, तुमच्या भाजलेल्या मिरच्या तर परवापासून माझ्या छपरात पडल्यात, तिसऱ्या नंबरावर, ती बघा गोनी, मग रात्री भाजलं काय?

तुमी असता तर काय केलं असतं? माझ्या हातात तांब्या होता. वाटलं, बोलावं जा, धाड त्याला मोरीवर, तिथं धुवून घे. पन सासूची रीत, वैरी असला तरी डोळा धुवायचा. मी पानी वतलं. बोलले, चोळू नको, डोळे उघडे ठेव, तोंड खाली कर. तांब्यावर तांब्या, अर्धा हौद रिकामा केला. नि वतता वतता इचारलं, मोठ्यानं, डंकाच्या आवाजाची सवय मना, सगळ्यांना ऐकू गेलं. नरेस, हा मसाला माझ्या डंकावरचा हाय का रं? तू तर वास घेऊन वळखतोस ना, मोरीवर वाकून घेतला होतास, माझ्या पोरीच्या चपलंवरचा? मग या वेळी नाय वळखला?

त्यानं ओला टॉवेल परत तोंडावर वढला. रांगंतल्या बायका येकीकडं येक बघाय लागल्या. नि त्याची आयस काय बोलली ठाऊक हाय? ती बोलली, पोरगं हाय गुनाबाय, मस्करी केली असंल, पन तुझ्या पोरीनं त्याचे डोळे घालवले असते तर? अशी जहराची बाटली घेऊन फिरते, कोन सून करंल तिला? म्हंजे तिला ठाऊक होतं! सगळं ठाऊक होतं, नि आली मसाल्याचं नाव घेऊन, माझ्याच मसाल्याचं! मी बोलले, वयनी, त्याचे डोळे मी राखले, आत्ता, तुमच्या समोर. माझ्या पोरीचा हात धरला तो कोन राखनार होता? मस्करीत दोघं हसतात वो. नलू कवा हसली?

तेवढ्यात नलूचा बापूस उठला. सकाळपासून दाराशी बसला होता. आत आला, तिसऱ्या नंबराची ती गोनी खांद्यावर घेतली, नि बाहेर रस्त्यावर नेऊन ठेवली. टाकली नाय, फेकली नाय, मिरची फेकायची वस्तू नाय, नीट उभी करून ठेवली. नि येवढंच बोलला, यमुनावयनी, तुमचा मसाला इथं होनार नाय. मग आत नलू तयार होत होती, तिला हाक मारली, नलू, सव्वाआठ झाले, टमटम जाईल.

मी डंकाच्या खांबाला धरून उभी राहिले. रडले. बायकांसमोर रडले, मिरचीचं निमित्त केलं.

मग काय, गाव बसलं. मोठं घर हाय, मिटवा बोलले, गावात राहायचंय बोलले. कोन बोललं, बाय, येक वर्स मसाला कुटून दे, भांडन कशाला. मी बोलले, डोळे जळाले तर रात्री पन आना, धुवून देईन, पन मसाला नाय. त्यांनी सात-आठ घरं फोडली, पनवेलला मसाला कुटायला नेला त्या वर्सी. दुसऱ्या वर्सी त्यातली पाच परत आली, बोलली, तिकडच्याला चव नाय. मी बोलले, गोनी ठेवा, नंबर लावा. यमुनावयनी नाय आली. नरेसचे डोळे चांगले हायेत, चष्मा पन नाय लागला. तो गाडीवाला परगावचा निघाला, परत दिसला नाय. माफी? माफी नाय मागितली कोनी अजून. मना बघून रस्ता बदलतो, येवढीच ती काय माफी. नि खांबाला दिवा अजून नाय, ते लिवा, ते नक्की लिवा.

नलू जाते कामावर. दोन स्थळं आली, तीच नाय बोलली, येकानं इचारलं म्हने, ती बाटली लग्नानंतर पन लागंल का. ती बाटली संपली तारखेनं, आता दुसरी घेतलीय, त्याच दुकानातून, तो आता पंखा आधीच बंद करतो मना बघून. नि बापूस रोज सात वाजता मोरीपर्यंत जातो, तिला बोलतो पाय मोकळे करायला आलोय. नलूला ठाऊक हाय. मना मात्र येवढंच वाटतं, की माझी आय मिरची कुटून गेली, मी कुटून चालले, नि पोरीचे हात पांढरे राहिले ते राहिले, पन शेवटी मिरची तिच्याही हातात द्यावीच लागली. याचा मना राग येतो. येतो तर येतो, जाऊ देत नाय मी तो.

चला, तुमी पन निघा आता, उन्हं उतरली. येकट्याच आल्यात ना फाट्यावरून? पर्स दाखवा. दाखवा वो, चोरत नाय मी. हे बघा, मिरचीची बाटली हाय, नि कुठं हाय, तर वहीच्या खाली, छत्रीच्या खाली! येवढं सगळं लिवलंत माझं नि हे नाय ऐकलं? हातात घ्या ती. हां. ओढनीचं टोक बघा, खाडीकडून हाय वारा. नीट जा बाय, सुखी राहा. वारा पाठीशी ठेवा.